चुन्याखालचा खारूनाना

नांदेडच्या स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, दुसरीत खारूनाना. कपड्यांची बॅग कुणी उचलून नेली असती तरी मी फार तर चरफडले असते. पण हमालाने दुसरीला हात घातला आणि मी त्याच्यावर अशी काही ओरडले की तो बिचारा मागेच सरकला.

"बाई, सोनं हाय का आत?"

"सोनं असतं तर दिली असती तुमच्याकडे," मी म्हणाले आणि ती बॅग स्वतःच्या खांद्याला अडकवून रिक्षा शोधायला लागले. माझा स्वभाव आहे हा असा. नाशिकला माझा दातांचा दवाखाना आहे, आणि तिथेही पेशंट माझ्या हातापेक्षा तोंडाला जास्त घाबरतात.

खारूनाना कोण, हे आधी सांगायला हवं, कारण तो आता कुणालाच आठवत नाही. खारूनाना म्हणजे एक खार. डोक्याला रुमाल (मराठवाड्यात पटक्याला रुमाल म्हणतात), खाली धोतर, झुबकेदार शेपूट खांद्यावरून पुढे आलेलं आणि ओठांबाहेर डोकावणारे दोन दणकट दात. लातूरच्या एका दंतमंजनाच्या डबीवर त्याचं चित्र असायचं. त्या मंजनवाल्यांनीच मुलांसाठी एक पाक्षिक काढलं होतं, त्याच्या शेवटच्या पानावर खारूनानाची चित्रकथा यायची. चोरांनी बांधलेला दोर तो कुरतडायचा, चक्कीत अडकलेल्या उंदराला सोडवायचा आणि गोष्ट संपली की आपल्याकडे बघून दात दाखवायचा. वडिलांच्या बदलीमुळे माझं लहानपण काही वर्षं नांदेडला गेलं. माझे दुधाचे दात पडायला लागले तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आईने खारूनाना समोर धरून सांगितलं की आता तुला याच्यासारखे येणार. मी गप्प झाले. ते मंजन इतकं खरखरीत होतं की आज एखादा पेशंट ते वापरताना सापडला तर मी त्याला खुर्चीतून उठू देणार नाही. पण त्यात खारूनानाचा काय दोष?

मंजनाचा कारखाना बंद पडला, पाक्षिक बंद पडलं. मी मात्र गेली कित्येक वर्षं डब्या, वेष्टनं, पाटीवर चिकटवायची चित्रं, जुने अंक असं जे मिळेल ते जमवत आले आहे. घरचे याला खूळ म्हणतात. म्हणोत. गेल्या वर्षी जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या एका गटात मी या डब्यांचे फोटो टाकले, आणि नांदेडहून सुजाता नावाच्या एका शिक्षिकेचा निरोप आला, "हे चित्र आमचे बाबा काढायचे." मी तिकीट काढायला एवढं पुरेसं होतं.

*

सुजाताचे बाबा म्हणजे वाघमारे सर. शाळेत चित्रकला शिकवत. खारूनाना त्यांनी नोकरी सांभाळून, कुठेही सही न करता काढला. घर छोटं, नीटनेटकं. समोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर, खाली ताज्या फुलांचा ग्लास. सर पलंगावर ताठ बसले होते. बाबांना कमी दिसतं, असं सुजाताने फोनवर सांगितलं होतं. मी ते वयामुळे असेल म्हणून सोडून दिलं. बॅग उघडली आणि माझा सगळा खजिना त्यांच्यासमोर पलंगावर मांडला. डब्या, अंक, कॅलेंडरं. माझ्याइतकं कुणी जमवलेलं नाही, हा तोरा चेहऱ्यावर असणारच.

सरांनी एक अंक उचलला. त्याच्यावरून बोटं फिरवली, पालथा केला, परत फिरवली.

"कागद हाय," ते म्हणाले. "छापील हाय का कोरा, मला कामून कळावं?"

काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. मला इतकी लाज वाटली की मी ते सगळं भराभर बॅगेत कोंबायला लागले. सुजाता चहा ठेवायला आत गेली. सर हसले, पण ते हसणं काही फार आनंदाचं नव्हतं.

"राहू द्या हो. तुम्ही एवढ्या लांबून आणलं. मला वाटून राहिलं होतं की रद्दीत गेलं सगळं. दातपावडरीची खार ती, तिला कोण ठिवणार?"

मग बोलता बोलता त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी मला कुठल्याच अंकात मिळाली नव्हती. मंजनवाल्यांना मोठ्या दुकानांच्या गल्ल्यावर ठेवायला खारूनानाची मूर्ती हवी होती. सरांनी मातीची मूर्ती स्वतः घडवली, तिचा साचा केला आणि त्यातून सिमेंटच्या थोड्या मूर्ती काढल्या. मग साचाच तडकला. वीतभर उंचीचा, बसलेला खारूनाना.

"चित्र तर गेलं डोळ्यांसंगं," सर म्हणाले. "पण त्यो एकडाव हातात आला असता ना, तर बोटांना कळला असता. त्याच्या कानामागं माझ्या अंगठ्याचा दाब हाय."

"आणते मी," मी म्हणाले.

"कुठून आणता? माझ्याजवळच न्हाई."

"ते माझं मी बघते."

सुजाता मला फाटकापर्यंत सोडायला आली. दृष्टी गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत, दवाखान्यात न्यायचं तरी दोन दिवस भांडण होतं, असं ती म्हणाली. मी तिला काही वचन वगैरे दिलं नाही. पण ती मूर्ती मिळवायची आणि या माणसाच्या हातात ठेवायची, हे मी रिक्षात बसायच्या आत पक्कं केलं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्यांचं झालं की ती माझ्या कपाटात जाणार, हेही त्याच वेळी ठरवलं होतं.

*

दुपारभर इतवाऱ्याच्या जुन्या बाजारात हिंडले. तांब्या-पितळेची दुकानं, अत्तरं, बांगड्या. मी प्रत्येक म्हाताऱ्या दुकानदाराला मोबाइलवरचा खारूनाना दाखवत होते. एकाला तो उंदीर वाटला, एकाला मुंगूस. एक जण म्हणाला, "हाव, पाहिला हाय," आणि आत जाऊन गणपतीचा उंदीर घेऊन आला. भूक लागली तेव्हा एका खानावळीत तहरी (मसालेभात, पण त्याला तसं म्हटलेलं इथे चालत नाही) मागवली. ती इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. खानावळवाला काळजीने पाणी घेऊन आला. त्यालाही मी खारूनाना दाखवला. तो म्हणाला, मंजनाचा माल विकणारा एक जण अर्धापूरला होता, त्याचा पुतण्या आता केळीच्या धंद्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धापूर गाठलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, रस्त्याच्या कडेला घड लादलेले ट्रक. पुतण्या सापडला, पण त्याच्या गालाला सूज होती आणि तो कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हता. मी दातांची डॉक्टर आहे म्हटल्यावर त्याने तिथेच, केळीच्या ढिगाला टेकून, आ केला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं. अक्कलदाढ. मी कागदावर औषध लिहून दिलं आणि आजच्या आज नांदेडला जाऊन दाखवा म्हणून दम भरला. त्याचा जीव एवढ्यानेच निम्मा हलका झाला असावा. त्याने आत जाऊन खारूनानाची एक डबी आणली, त्यात तो सुया ठेवत होता. सुया काढून डबी माझ्या हातात दिली.

"मूर्ती होती, डॉक्टरीणबाई. चुलत्याच्या दुकानात होती. मीच पाडली न्हानपणी, लई मार खाल्ला. पण लातूरला जा. कारखाना तिकडंच होता, जास्ती मूर्त्या तिकडंच वाटल्या असतील."

निघताना त्याने केळीचा अख्खा घड माझ्या गळ्यात मारला. नको नको म्हणताना घड माझ्याबरोबर बसमध्ये चढलाही. लोहा, अहमदपूर करत लातूर येईपर्यंत निम्म्या बसने केळी खाल्ली होती आणि उरलेली माझ्या मांडीवर चेंदामेंदा झाली होती. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, पुढच्या टायमाला संत्री आणा." त्या अवतारातच मी लॉजवर पोचले.

*

लातूरला रस्त्यावर चालायचं म्हणजे क्लासला निघालेल्या पोरांच्या सायकली आणि दुचाक्यांमधून वाट काढायची. हवेत डाळीचा बारीक भुगा, गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेत माणसांची दाटी. त्या दिवशी दाटी जरा जास्तच होती. भाजीवाल्यांकडे वालाच्या, तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगांचे ढीग, आणि बायका त्यावर तुटून पडलेल्या. मी गोलाईच्या मागच्या बाजूला जुन्या सामानाचं दुकान शोधून काढलं. मुनीरभाई नावाचे वयस्कर गृहस्थ तिथे खुर्च्यांच्या ढिगाशेजारी बसले होते.

"आज विचारून घ्या जे काय ते," ते म्हणाले. "उद्या येळवस. उद्या लातुरात कुत्रं बी दिसणार न्हाई."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडचा माणूस शहर बंद करून शेतात जातो, शेतीची पूजा करतो आणि भेटेल त्याला जेवायला बसवतो. हे मी ऐकून होते, पण ती उद्याच आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी घाईने मोबाइल पुढे केला. मुनीरभाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ पाहिलं.

"खारूनाना," ते म्हणाले.

नाशिक सोडल्यापासून ते नाव मी न सांगता घेणारा हा पहिला माणूस. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"औशाच्या रस्त्याला एक किराणा दुकान होतं. मालक गेला, दुकान बंद झालं. त्याची कपाटं, तराजू सगळं भंगारात मीच उचललं. गल्ल्यावर ह्यो बसलेला होता. मी हात लावणार तर मालकाची बहीण आली आन म्हनली, भाऊ, ह्यो मला पायजे, शेतात ठिवते. आता शेतात कशाला, ते मी काय इचारलं न्हाई. मयताचं घर, देऊन टाकला."

ती बहीणही आता नव्हती. पण तिचं सासरचं गाव मुनीरभाईंना आठवत होतं. मी रिक्षा ठरवली. गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. माझ्यासारखे आणखी चार जण तिथे पोचायला नकोत.

*

रिक्षा गावाबाहेरच बंद पडली. रिक्षावाला म्हणाला, "थोडं चालून घ्या, ताई, तेवढ्यात नीट करतो." वाटेतल्या एकाला त्या घरचं शेत विचारून मी बांधावरून निघाले. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर ज्वारी, मध्ये हरभऱ्याचा हिरवा पट्टा, त्याच्या पानांना हात लागला की बोटं आंबट होत होती. पुढे एका बाभळीखाली चाळिशी-पंचेचाळिशीची एक बाई कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधत होती. कोप म्हणजे पूजेसाठी केलेली छोटी खोप. ही गोदाक्का. मुनीरभाईंनी सांगितलेली बहीण म्हणजे तिची सासू. सासूमागे शेत हीच बघते, हे तिच्या हातातल्या विळ्याच्या झपाट्यावरूनच कळत होतं.

मी कोण, कुठली हे सांगत होते, पण माझं लक्ष उडालं होतं. कोपेच्या आत पाच पांडव मांडलेले होते. दर वर्षी चुना लावलेले पाच दगड, वर्षभर तिथेच झाडाखाली राहतात. चार होते साधे, गोटे म्हणावेत असे. पाचवा मात्र बसलेला होता. त्याला डोकं होतं, आणि पाठीमागून खांद्यावर आलेला एक जाड उंचवटा होता. इतका चुना बसला होता की नाक-डोळे काहीच कळत नव्हते. पण मी ती पाठ इतकी वर्षं डब्यांवर पाहत आले आहे.

"हा कोणता पांडव?" मी विचारलं.

"भीम न्हवं का! खांद्यावरची गदा दिसंना व्हय तुमाला?"

माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. "गदा नाही हो ती," मी म्हणाले, "शेपूट आहे."

गोदाक्काने विळा खाली ठेवला. "आमच्या भीमाला शेपूट? कुठनं आलाव तुमी?"

आता माघार घेऊन चालणार नव्हतं. मी अर्धापूरची डबी काढून तिच्या हातात दिली. तिने डबी बघितली, भीम बघितला, पुन्हा डबी. मग पदराने तोंड दाबलं आणि तशीच खाली बसून हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "आमचा एक पांडव ट्रॅक्टरखाली गेलता. येळवस तोंडावर आलती. सासूबाई भावाच्या दुकानातनं ह्यो घिऊन आल्या आन म्हनल्या, गदाबी हाय, भीमच हाय. आमी चुना लावला. कुणाला ठावं, त्यास्नी तरी शेपूट कळलं का न्हाई ते!"

मी लगेच मुद्द्यावर आले. हा मला द्या, बदल्यात संगमरवराचा सुरेख भीम करून देते, गदेसकट.

तिचं हसू थांबलं. "बदली भीम? आन तवर काय चार पांडव मांडू? सासूबाई गेल्या, दुष्काळ गेला, लेकींची लग्नं झाली, ह्यो हितंच बसलेला हाय. आंबिलीची पयली वाटी तेलाच असती. न्हाई जमणार, बाई."

मी हट्ट सोडला नाही. विनवून पाहिलं, जरा आवाजही चढवला. तिचा माझ्याहून चढला. शेवटी मी बांधावर बसले आणि वाघमारे सरांबद्दल सांगितलं. त्यांचे डोळे, त्यांची बोटं, कानामागचा अंगठा. हे आधी सांगायला हवं होतं, पण मला आधी मूर्ती पदरात पाडायची होती ना! ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने कोपेवर शाल पांघरली.

"मंग तेंलाच आणा की," ती म्हणाली. "उद्या येळवस हाय. येळवशीला कुणाला नगं म्हणतेत व्हय? मी चुना लावायची थांबती. पर उन्हं वर यायच्या आत या. घरचे समदे उपाशी ऱ्हातेत पूजा हुईस्तवर."

*

त्याच संध्याकाळी मी परत नांदेडला गेले. सर नाहीच म्हणाले. मी कुठं जात न्हाई, मला गाडी लागते, मला लोकांत नको वाटतं, आणि मी बौद्ध माणूस, मी पांडवांच्या पूजेला कशाला जाऊ. दवाखान्यात मी एक शिकले आहे. पेशंटला विचार करायला वेळ दिला की दात तोंडातच राहतो. पहाटे मी गाडी घेऊन दारात हजर झाले, सुजाताने त्यांना स्वेटर चढवला आणि आम्ही दोघींनी त्यांना गाडीत बसवलं. अहमदपूरपर्यंत ते माझ्याकडे पाठ करून बसले. मग म्हणाले, "बसलेलाच हाय ना? उभा न्हाई?" मी म्हणाले, "बसलेलाच."

लातूर खरंच ओस होतं. शटर खाली, चौक रिकामे. आणि शहराबाहेरचे रस्ते मात्र भरून वाहत होते. दुचाकीवर नवरा-बायको, मध्ये फडक्याने तोंड बांधलेलं आंबिलीचं मडकं. टेम्पोत अख्खी कुटुंबं, मांडीवर डबे.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. गोदाक्काच्या घरचे सगळे कोपेभोवती बसून होते आणि तिचे दीर उघडच वैतागले होते. चुन्याचं गाडगं तसंच भरलेलं. ती खरंच थांबली होती. सरांसाठी तिने बाभळीखाली पोतं अंथरलं, त्यांना हाताला धरून बसवलं आणि भीम उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

सरांची बोटं त्यावरून फिरली. वरून खाली, खालून वर. कपाळावर आठी पडली. परत फिरली.

"काय लागंना," ते हळूच म्हणाले. "चुनाच हाय नुसता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या माणसाला इतक्या लांब ओढून आणलं, आणि मी ज्या थराच्या जाडीचा विचार रोज दातांवर करते, तो इथे केलाच नव्हता. एवढ्या वर्षांचा चुना. त्याखालचं त्यांच्या बोटांना कळणार कसं?

गोदाक्काने क्षणभर पाहिलं. मग सरांच्या मांडीवरून भीम उचलला, आपल्या पायांमध्ये धरला आणि खुरपं हातात घेतलं.

"वहिनी, देवाला खुरपं लावताव?" दीर उठूनच उभे राहिले.

"आंघोळ घालायलाव," ती म्हणाली. "गप बसा."

आणि ती खरवडायला लागली. जपून, खुरप्याच्या पाठीने. चुन्याचे पापुद्रे पापडासारखे सुटून तिच्या लुगड्यावर पडायला लागले. एका खाली एक, सासूच्या हातचे, तिच्या हातचे. आदल्या दिवशी जो भीम ती मला कशालाच द्यायला तयार नव्हती, त्याला ती सगळ्या घरासमोर, पूजेच्या वेळी, उघडा करत होती. मला रडू आलं. मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. मग करडं सिमेंट दिसलं. रुमालाचा काठ दिसला. कान, मिशा आणि ओठाबाहेरचे दात. तिने तांब्याभर पाणी ओतलं, पदराने पुसलं आणि परत सरांच्या मांडीवर ठेवला.

या वेळी त्यांची बोटं कुठेच अडखळली नाहीत. सरळ डाव्या कानामागे गेली आणि तिथेच थांबली. अंगठा त्या खळग्यात अगदी नीट बसला. सरांनी डोळे मिटले, जसे काही त्यांना आत्तापर्यंत दिसत होतं. दिरांनीही घाई केली नाही. मग सरांनी दात चाचपले.

"एक तुटला हाय," ते म्हणाले. "डॉक्टर, बसवता का?"

पहिली गोदाक्का हसली, मग सगळेच. सुजाता हसत होती आणि रडत होती.

"ह्यो हितंच असतो? पाण्यापावसात?" सरांनी विचारलं.

"व्हय. वरीसभर."

"आन तुम्ही याला जेवू घालता?"

"आमच्या आधी."

सरांनी मूर्ती मांडीवर सरळ केली. मग हात पुढे करून म्हणाले, "चुना आणा."

"तुमी..." गोदाक्का जरा अडखळली.

"पूजाबिजा मी करत न्हाई, बाई. मी बौद्ध माणूस. माझ्या खारीला चुना लावतो."

"पूजा आमी करताव की. तुमी चुना लावा," ती म्हणाली आणि गाडगं त्यांच्या हाताशी सरकवलं.

तिने कुंचला दिला होता, तो त्यांनी घेतला नाही. बोटांनी चुना लावला. आधी पाठ, मग शेपूट, मग रुमाल. ज्या चेहऱ्यासाठी आले होते तो त्यांनी स्वतःच्या हाताने झाकला, कानामागची जागा सगळ्यात शेवटी. मी फोटो काढायचं विसरले. मग गोदाक्काने तो उचलून इतर चौघांच्या शेजारी कोपेत ठेवला, गेरूचे ठिपके दिले, आणि आंबिलीची पहिली वाटी त्याच्या पुढ्यात आली. दीर मडकं घेऊन आंबील शिंपडत शेताला फेरी घालायला गेले. लांबून त्यांचा कानडी वळणाचा पुकारा ऐकू येत होता.

मग पानं वाढली. भज्जी (सगळ्या शेंगांच्या ओल्या दाण्यांची, डाळीचं पीठ आणि ताक लावून केलेली पातळ भाजी), बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि गार आंबील. सर लाजत लाजत जेवायला बसले आणि तीन वेळा भज्जी मागून घेतली. शेजारच्या शेतातले लोकही येऊन सरांना बघून जात होते. भीम घडवणारा माणूस आलाय, ही बातमी बांधावरून पुढे गेली होती. शेपटाचं कुणी काढलं नाही. आम्ही निघताना दिरांनी एवढंच म्हटलं की गदा झकास केलीय. सर म्हणाले, "हाव, तिलाच टाइम लागला होता."

*

परतीच्या वाटेवर मला राहवेना. मी दातांची डॉक्टर. तोंडाचे साचे घेणं हे माझं रोजचं काम. "सर," मी म्हणाले, "पुढच्या वेळी चुना काढला की मी त्याचा साचा घेते. त्यातून एक तुमच्यासाठी आणि एक माझ्या कपाटासाठी."

सर खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोटांच्या कडेला वाळलेला चुना.

"तुमच्या कपाटात त्याला आंबील कोण देणार?" ते म्हणाले.

नांदेड येईपर्यंत मी त्या एका वाक्याशी भांडत होते आणि हरत होते.

नाशिकला मी अर्धापूरची एक डबी आणि केळीच्या डागांची साडी घेऊन परतले. ज्यासाठी गेले होते ते सापडूनही तसंच तिथे ठेवून आले. घरच्यांनी विचारलं तर चिडून सांगते की मूर्ती मिळाली नाही. खरं म्हणजे मी इतकी वर्षं खारूनानाला विसरलं जाण्यापासून वाचवत होते असं मला वाटायचं. आणि तिकडे एक अख्खं घर त्याला नावही न विचारता दर वर्षी आपल्या आधी जेवू घालत होतं. याचा मला आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला. अजून वाटतो.

ऐन उन्हाळ्यात, दवाखाना पेशंटनी भरलेला असताना, सरांचा फोन आला. सुजाताने लावून दिला असणार.

"डॉक्टर, येळवशीची गाडी सांगितली का?"

"सर, अजून केवढे महिने आहेत!"

"तुम्हाला काय कळतंय. यंदा उन्हं वर यायच्या आत पोचायचं हाय. ते लोक उपाशी ऱ्हातेत."

खुर्चीतला पेशंट आ करून वाट बघत होता. मी त्याला तसंच ठेवून आधी गाडीवाल्याला फोन लावला.